झाकली मूठ

खंडेनवमीला आमच्या मस्तगडातल्या घरी हत्यारांची पूजा होते. हत्यारे म्हणजे काय, तर एक विळी, दोन पाने, पक्कड, कानस, वडिलांच्या वेळचा पितळी अडकित्ता आणि ओसरीवर उभी असलेली फटफटी. गेल्या वर्षी या मंडळींत आमच्या नातवाने पुण्याहून आणलेले विजेचे ड्रिल मशीन येऊन बसले. त्यालाही मी हळदकुंकू वाहिले. ते कशासाठी आणले आहे हे मला आरती झाल्यावर कळले. आधी कळते, तर वाहिले नसते.

"आजोबा, तुमची गाडी एवढी देखणी, आणि हँडलवर हे काळं दोरखंड काय बांधून ठेवलंय?" चिरंजीवांनी सुरुवात केली. "हल्ली वायर कुणी बाहेर ठेवत नाही. बटणाजवळ एक भोक पाडायचं, मधे क्लँपपाशी एक पाडायचं, आणि सगळी वायर नळीच्या आतून घ्यायची. बाहेरून नुसतं चकचकीत हँडल दिसतं. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "का ते सांगा."

आता वडीलधाऱ्या माणसाला कोणी 'का' विचारले, तर त्याने एक तर रागवावे किंवा कारण सांगावे. मी दोन्ही केले. तरी माझे समाधान झाले नाही, कारण हे खूळ एकट्या आमच्या नातवाचे नाही. जुन्या मोटारसायकली जपणारी तरुण मंडळी आता जागोजाग आहेत. ती मेहनती आहेत, हौशी आहेत, पदरचे पैसे घालून गंजलेली गाडी उभी करतात. त्यांच्याविषयी मला मायाच वाटते. पण या मंडळींत वायर लपवण्याचा जो सोस शिरला आहे तो मला घातकी वाटतो, आणि मी त्याच्याविरुद्ध लिहिणार आहे. दिवाळीच्या अंकात असली भांडखोरी शोभत नाही, असे ज्यांना वाटेल त्यांनी पान उलटावे. पुढे गोष्टी आहेतच.

आमची गाडी ३५० सीसीची बुलेट. १९५५ साली रेडिचच्या इंग्रज कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एनफील्ड इंडिया काढली, आणि ही गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. वडिलांनी १९६८ साली ती घेतली तेव्हा जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. वडील कापसाच्या धंद्यातले. खेडोपाडी हिंडायचे, म्हणून फटफटी. ते रोज सकाळी तिला फडक्याने पुसत, आणि पुसता पुसता हँडलवरच्या वायरीवरून बोट फिरवीत. लहानपणी मला वाटे, ते लाडाने फिरवतात. ते तपासत होते, हे मला फार उशिरा समजले.

या वायरी असतात तरी किती? डाव्या मुठीशेजारी डिपरचे बटण. त्याला तीन वायरी: एकीतून वीज येते, उरलेल्या दोघींतून ती दिव्याच्या वरच्या किंवा खालच्या तारेकडे जाते. हॉर्नच्या बटणाच्या एक-दोन. अशा चार-पाच वायरी एका काळ्या स्लीव्हमध्ये एकत्र करून हँडलला पट्ट्यांनी बांधलेल्या असतात, आणि त्या समोरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यात शिरतात. हेडलाइट, मीटर आणि दोन बाजूंचे बारके दिवे ज्यात बसवले आहेत ते हे डोके. बुलेटचे हँडल या डोक्यावरच घट्ट बसवलेले असते. तेव्हा बाहेर दिसणारी वायर किती, तर वीत-दीड वीत. या दीड वितीची आमच्या तरुणांना लाज वाटते! धूर काढणाऱ्या नळीची वाटत नाही, तेल गळणाऱ्या इंजिनाची वाटत नाही. उलट तेलाचा डाग म्हणजे जातिवंतपणाची खूण मानतात. लाज वाटते ती या दीड वितीची.

मी हे ऐकीव सांगत नाही. ही लाज मलाही एकदा वाटली होती.

१९८२ साल. माझे नुकतेच लग्न झाले होते, वडिलांनी गाडी माझ्या हवाली केली होती आणि एका इंग्रजी मासिकात मी एका परदेशी मोटारसायकलचे चित्र पाहिले होते. तिच्या हँडलवर एकही वायर नव्हती. मी गाडी घेऊन एका वर्कशॉपात गेलो आणि ते चित्र दाखवले. वर्कशॉपचे नाव सांगत नाही. करणारा तो असला तरी सांगणारा मी होतो. त्याने दोन भोके पाडली. दोऱ्याला छोटा नट बांधून नळीत सोडला, हँडल वाकडेतिकडे करून तो दुसऱ्या भोकातून बाहेर काढला आणि दोऱ्यामागून वायरी ओढून घेतल्या. ओढताना त्या अडत होत्या. त्याने जोर लावला, आणि त्या आल्या. मला कोण आनंद झाला! घरी आल्यावर वडिलांनी गाडीकडे पाहिले, सवयीने हँडलवर बोट फिरवायला गेले, आणि बोट तसेच मागे घेतले. म्हणाले, "आता कळणार कसं?"

मी त्या प्रश्नाकडे लक्ष दिले नाही.

पुढच्या वर्षी फाल्गुनात आम्ही दोघे अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला गेलो. परतायला रात्र झाली. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता, अमावस्या जवळ आलेली. निम्मी वाट सरली असेल, तोच मागून सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हणालो, "शेतात धसकटं जाळत असतील." बायकोच्या नाकापेक्षा नवऱ्याच्या ज्ञानाला जास्त मान देण्याची आमच्याकडे पद्धत होती. मिनिटभराने माझ्या डाव्या मुठीच्या टोकातून धूर निघाला, आणि तो मला दिसला न दिसला तोच हेडलाइट गेला. इंजिनही आचके देऊ लागले, कारण त्या गाडीची ठिणगीसुद्धा त्याच बॅटरीच्या जिवावर. हॉर्न दाबला, तो मुका.

डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तेवढ्यात समोर रस्त्याएवढी रुंद काळी भिंत उभी राहिली. ती कडब्याची गाडी होती. मी हँडल डावीकडे घातले आणि आम्ही चारीत गेलो. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. सौ.चे डावे मनगट मोडले. गाडीवान कंदील घेऊन धावत आला. त्या कंदिलाच्या उजेडात तिचा हात पाहिला आणि मला घाम फुटला. दीड महिना प्लास्टर होते. हाड जुळले, पण थोडे वाकडे. आजही ती पोळी लाटते तेव्हा डावा हात किंचित आत वळलेला असतो. तिने त्याबद्दल मला एका शब्दाने कधी टोचले नाही, आणि हेच मला जास्त टोचत आले आहे.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी हँडल सोडवले, आतली वायर ओढून काढली आणि ओसरीवर वर्तमानपत्रावर पसरली. अर्धी वितळून एकमेकींना चिकटली होती. क्लँपजवळच्या भोकाला जिथे ती टेकत होती, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढे तांबे उघडे पडले होते. वडील म्हणाले, "बघ." एवढेच.

आता यात काय घडले ते नीट पाहू, कारण आमच्या नातवाचे पहिले उत्तर हेच होते की "तुमच्या माणसानं काम वाईट केलं." खरे आहे, वाईट केले. लोखंडाला ड्रिलने भोक पाडले की त्याच्या कडेला वस्तऱ्यासारखी धार राहते. ती कानशीने मारायला दोन मिनिटे लागतात. मग भोकात रबरी कडे बसवायचे, ज्याला मिस्त्री ग्रोमेट म्हणतात. त्याने दोन्ही केले नाही. पण समजा, केले असते. बाहेरची धार गेली, आतली? नळीच्या आत हात जात नाही. शिवाय पत्रा वळवून जोडलेल्या नळीच्या पोटात जोडाची शिवण लांबच्या लांब उभी असते, आणि वळणावर वायर नेमकी तिच्यावरून घासत ओढली जाते. ओढताना ती कुठे सोलली गेली हे ओढणाऱ्यालाही कळत नाही.

आणि गाडी काही भिंत नव्हे. बुलेटचे इंजिन एका सिलिंडरचे, सत्तर मिलिमीटर व्यासाचे आणि नव्वद मिलिमीटर धावेचे. त्याचा तो भारदस्त आवाज ज्या धक्क्यांतून येतो, तेच धक्के हँडलला बसतात. मिनिटाला अडीच हजार फेरे धरा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या हिशेबाने पन्नास मिनिटांत सव्वा लाख हिसके होतात. प्रत्येक हिसक्याला वायर त्या कडेवर केसभर घासते. अंबडला जाऊन येईपर्यंत सव्वा लाखाचा हिशेब पुरा होतो.

हँडल लोखंडी, आणि लोखंडी सांगाडा हाच विजेचा परतीचा रस्ता. वायर बाहेर असती आणि सोलली असती, तर वडिलांच्या बोटाला सकाळीच लागली असती. आत सोलली, तर तिच्या चारी बाजूंनी परतीचा रस्ताच आहे; जाईल कुठे? त्या काळच्या अनेक गाड्यांप्रमाणे आमच्या गाडीला फ्यूजही नव्हता. मग बॅटरीतली सगळी वीज त्या एका दाण्यातून धावली. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली दुबळी तार. ती आधी जळते म्हणून बाकीच्या वाचतात. तो नसेल, तर दिव्याची वायरच फ्यूज होते.

दुसरी गोष्ट जाडीची. हँडलची नळी बाहेरून २२ मिलिमीटर. आतली जागा त्याहून चारेक मिलिमीटरने कमी. तीत चार-पाच वायरी मावतात, पण हल्लीच्या हौशी लोकांना वळणाचे दिवे हवे, सेल्फचे बटण हवे. सगळे आत बसवायचे म्हणजे वायरी बारीक घ्याव्या लागतात. इथे जुन्या गाडीची अडचण अशी की ती सहा व्होल्टची. तीस वॅटचा दिवा सहा व्होल्टवर पाच अँपिअर वीज मागतो. तोच दिवा बारा व्होल्टवर अडीच मागेल. जास्त वीज बारीक तारेतून ढकलली की वाटेतच दाब खर्च होतो. वाटेत अर्धा व्होल्ट गेला, तर बारातून गेल्याचे फारसे जाणवत नाही. सहातून गेला, तर उजेड सुमारे पाव हिश्श्याने उतरतो. जुन्या गाड्यांचा उजेड मुळात काजव्याच्या घराण्यातला. त्यातलाही पाव हिस्सा शोभेला वाहायचा!

नातू इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "रिले बसवायचा, आजोबा. मग हँडलमधून नुसती इशाऱ्याएवढी वीज जाईल. आणि फ्यूज घालायचा." हे मात्र त्याचे बरोबर आहे, आणि ते मी कबूल केले. रिले आणि फ्यूज असते, तर त्या रात्री मूठ पेटली नसती. पण माझा खरा आक्षेप विजेचा नाहीच. वायर चुकीची घातली तर ती काढून पुन्हा घालता येते. भोक काढता येत नाही.

१८९८ साली किर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने गणित मांडून दाखवले की रुंद पत्रा ताणला असता त्यातल्या गोल भोकाच्या कडेला बाकीच्या पत्र्याच्या तिप्पट ताण येतो. भोक लहान असो की मोठे, पट तीनच. १९५४ साली कॉमेट जातीची दोन विमाने आकाशात फुटून भूमध्य समुद्रात पडली, त्यांच्या चौकशीतही विमानाच्या कवचातल्या उघडीपाशी सुरू झालेली चीर सापडली. आपली फटफटी विमान नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण लोखंड शिणते ते त्याच रीतीने: एका मोठ्या धक्क्याने नव्हे, लाखो लहान धक्क्यांनी, आणि सुरुवात भोकाच्या कडेपासून.

शिवाय भोक पाडतात कुठे? एक बटणाखाली, ते त्यातल्या त्यात बरे, कारण टोकाकडे हँडलवर जोर कमी असतो. दुसरे मधल्या क्लँपशेजारी. ब्रेक दाबला की तुमचे सगळे वजन दोन हातांतून हँडलवर येते, आणि त्याचा पीळ जसजसे मध्याकडे यावे तसतसा वाढत जाऊन क्लँपपाशी सर्वांत जास्त होतो. घागर उचललेल्या बाईला विचारा, दुखते कुठे, घागरीपाशी की खांद्यापाशी. म्हणजे जिथे लोखंडाला सर्वांत जास्त काम आहे, नेमके तिथलेच लोखंड आपण कोरून टाकतो. आमचे गाव रोलिंग मिलचे. सळईचा भाव इथे शाळकरी पोरालाही ठाऊक. अशा गावात हे मला ऐकवावे लागते, याचे नवल वाटते.

१९८३ नंतर वडिलांनी वायर पुन्हा बाहेर घेतली, पण हँडल तेच ठेवले. पैशाची ओढ होती. सहा वर्षे ते चालले. १९८९ च्या दसऱ्याला मी गाडी पुसत होतो. पुसताना क्लँपजवळच्या भोकापासून निघालेला एक काळा केस दिसला. फडक्याने तो निघेना. नखाने खरवडला तर नख अडकले. ती चीर होती, भोकापासून निघून नळीला जवळजवळ पाव वेढा घालून गेलेली. आदल्याच दिवशी मी धाकट्या मुलीला पुढे टाकीवर बसवून कुंडलिकेच्या पुलावरून फिरवून आणले होते. वाचकांतल्या आयांना पुढचे सांगायला नको.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा. तो नातवाने शेवटी काढला, आणि मी त्याचीच वाट पाहत होतो. "हार्लेवाले तर कारखान्यातूनच आतून घ्यायचे!" अगदी खरे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी हजारोंनी बनलेल्या हार्ले डेव्हिडसनच्या डब्ल्यूएलए गाडीत मुठी फिरवून चालवायच्या तारा हँडलच्या पोटातूनच जात. पण तिथे ज्याने नळी ठरवली त्यानेच भोक ठरवले. तार आतून जाणार हे धरूनच नळीची जाडी, वळण आणि भोकाची जागा आखली गेली. आमच्या बुलेटचे हँडल ज्याने आखले त्याने वायर बाहेर धरली होती, आणि नळी अखंड धरली होती. त्याच्या मागे त्याचा हिशेब आपण बिघडवतो आणि साक्षीला हार्लेला बोलावतो. घरातली वायर भिंतीतून जाते, तिथे भिंतीत आधी पाइप असतो, मग वायर. आणि घर मिनिटाला अडीच हजार वेळा हादरत नाही. हादरू लागले, तर मी तिथेही जुनी सागवानी पट्टी आणि क्लिपा परत आणीन.

ज्याला आतूनच हवी त्याने त्यासाठी बनवलेले हँडल घ्यावे, फ्यूज आणि रिले घालावा, आणि जुने हँडल फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावे. याला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती पन्नास वर्षे अखंड राहिलेल्या लोखंडाला अर्ध्या तासात भोक पाडण्याला, आणि वर त्याला 'जुन्याची जपणूक' म्हणण्याला. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ती व्हिंटेज, अशी व्याख्या केली, आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे दिली. सांगाडा, कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट घातली. हँडलचा उल्लेख त्यात नाही. तेव्हा सरकार तुम्हांला पकडणार नाही, खुशाल पाडा. पण कायद्याने विचारले नाही म्हणून गाडी विचारणार नाही, असे नाही.

"आणि दिसण्याचं काय?" नातू म्हणाला. त्याचा आवाज आता बराच खाली आला होता.

दिसण्याचे असे आहे की नीट बांधलेली वायर मला कुरूप दिसतच नाही. सरळ स्लीव्ह, सारख्या अंतरावर तीन पट्ट्या, बटणापाशी पाणी आत जाऊ नये म्हणून दिलेला छोटासा खालचा वळसा. तिच्याकडे पाहून अनोळखी मिस्त्रीलाही कळते की कोणती कुठून कुठे जाते. रात्री देऊळगाव राजाच्या रस्त्यावर दिवा गेला, तर एक चाकू आणि बोटभर काळी टेप यांवर घर गाठता येते. आतल्या वायरीला रस्त्यात कोण हात घालणार? नातवाच्या मोबाइलमध्ये ज्या गाड्यांची चित्रे होती, त्यांतल्या एकीचीही मी रात्रीची चित्रफीत पाहिली नाही.

मी माळ्यावरून ते जुने हँडल काढून आणले. नातवाने भोकाला डोळा लावून पाहिले, मग चिरेवरून नख फिरवले. ते अडकले. तो काही बोलला नाही. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आजी हात पुसत उभी होती. तिच्या डाव्या हाताकडे तो जरा वेळ पाहत राहिला. तिची हकीकत त्याने पूर्वी ऐकली होती, हँडल मात्र आज पाहिले.

दुपारी त्याने गाडीची जुनी, चिरलेली स्लीव्ह काढून नवी घातली, तीन नव्या पट्ट्या बांधल्या आणि मला न विचारता बॅटरीजवळ एक फ्यूज बसवला. तो अजून आहे. ड्रिल मशीनही वाया गेले नाही. संध्याकाळी सौ.ने त्याच्याकडून डब्यांच्या फळीसाठी चार भोके पाडून घेतली, भिंतीत.